आधी आपल्या तळहातावर

साळवी सरांची आणि माझी ओळख झाली ती माझ्या पर्समधल्या सुरीमुळे. मी तेव्हा पालीहून रोज एसटीने रत्नागिरीला नोकरीला येत असे. संध्याकाळी स्टँडवर एक माणूस मागे मागे फिरायचा. घरी सांगितलं तर दादाने फळं कापायची एक धारदार सुरी आणून हातात ठेवली. "असूदे जवळ. अंगाशी आला तर दाखव," म्हणाला. ऑफिसातल्या बाईंनी मात्र मिरजोळ्याचा पत्ता दिला. तिथे शाळेत सुतारकाम शिकवणारे एक सर आपल्या घरासमोरच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, मुलामुलींना स्वसंरक्षण शिकवतात, एवढंच त्यांना माहीत होतं.

माझी हकीगत ऐकून सरांनी मला पायरीवरच थांबवलं. "पर्समध्ये काय आहे?" मी मोठ्या ऐटीत सुरी काढून दाखवली. त्यांनी तिला हातसुद्धा लावला नाही, खळ्याच्या दगडी कुंपणाकडे बोट केलं. "ती तिथे गडग्यावर ठेव. खरी वस्तू तालमीत आणायची नाही." मग त्यांनी तेवढ्याच मापाची एक लाकडी सुरी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "मी तुझा तो स्टँडवरचा. दाखव मला भीती." मी हात उगारला. पुढे काय झालं ते मला आजही नीट सांगता येणार नाही, पण त्या लाकडी सुरीचं टोक माझ्याच बरगडीला टेकलं होतं आणि मूठ अजून माझ्याच हातात होती. सर शांतपणे म्हणाले, "आता सांग, दादाने सुरी कोणासाठी आणली?"

मी रडले. त्यांनी रडू दिलं. आणि त्यानंतर कितीतरी संध्याकाळी ते स्टँडवर बाकावर पेपर वाचत बसलेले दिसायचे. माझी गाडी सुटली की उठून घरी जायचे. मला एका शब्दाने कधी म्हणाले नाहीत की तुझ्यासाठी येतो. तो माणूस पुढे दिसेनासा झाला. दादाची सुरी आईने कांदे चिरायला घेतली.

सरांच्या तालमीतल्या सुऱ्या सर स्वतः घडवत. लाकूड शिवणीचं, हलकं. टोक गोल, कडा बोथट आणि मूठ पिवळीधमक रंगवलेली, म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्यालाही लांबून कळावं की हा सराव आहे. नवशिक्यांसाठी रबराच्या, अंगाला लागल्या की वाकणाऱ्या सुऱ्या होत्या. जुन्या मुलांचा सराव असला की सर लाकडी सुरीच्या कडेला लाल काव चोळत आणि आम्हाला पांढरे सदरे घालायला लावत. सराव संपला की प्रत्येकाने आपला सदरा बघायचा. मनगटावर, पोटावर, मानेपाशी लाल रेघा. कितीही तयारीचा गडी असला तरी त्याचा सदरा कोरा राहिलेला मी पाहिला नाही. "कोण जिंकलं?" सर विचारत आणि स्वतःच सांगत, "सुरीशी कोणी जिंकत नाही रे बाबांनो. वाट दिसली की पळा. पळायला लाज कसली? वाट नसेल तर दोन्ही हातांनी मनगट धरा. डोळे हातावर ठेवा, पात्यावर नाही."

या सगळ्याच्या आधी एक रीत होती, आणि हा लेख मी तिच्यासाठीच लिहिते आहे. सर पेटीतून सुरी काढत, तिची कडा आपल्या डाव्या तळहातावरून जोर लावून ओढत, तळहात बघत आणि मगच मूठ समोरच्याकडे करून देत. आपणही तसंच करायचं, मग जोडीदारासमोर उभं राहायचं. आधी आपल्या तळहातावर, मग दुसऱ्याच्या अंगावर. एकदा आमच्यातला एकजण कंटाळून म्हणाला, "सर, लाकडाची तर आहे, धार कुठे असते हिला?" सरांनी त्याला त्या दिवशी घरी पाठवलं. "धार नाही म्हणणाऱ्यालाच टाके पडतात," म्हणाले. सर चिडलेले मी पाहिले ते तेवढेच. इतकी वर्षं तालीम चालली, पण त्या खळ्यात कोणाला साधं खरचटण्यापलीकडे काही झालं नाही.

एक मुलगी आली होती, तिच्यावर घरातल्याच माणसाने चाकू उगारला होता. तिला पिवळ्या मुठीची लाकडी सुरीही बघवत नसे. सरांनी तिला सरावाला उभी केलीच नाही. शिवणीचा एक तुकडा आणि पॉलिश पेपर दिला आणि सांगितलं, "बस इथे माझ्याजवळ. घास." ती रोज यायची आणि घासायची. काकू, म्हणजे सरांच्या सौभाग्यवती, स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिला कोकम सरबत द्यायच्या. तो तुकडा हळूहळू सुरी झाला. तिने स्वतः मूठ रंगवली आणि एक दिवस तीच सुरी माझ्या हातात देऊन म्हणाली, "ताई, आता तू ये माझ्या अंगावर." सरांनी पाठ फिरवून डोळे पुसले. काकूंनी खिडकीतून सांगितलं म्हणून आम्हाला कळलं.

काकू कधी खळ्यात उतरल्या नाहीत. आम्ही बोलवायचो. "मला नाय गो बाई जमायच्या तुमच्या उड्या," म्हणत आणि खिडकीशी उभ्या राहून बघत.

इथपर्यंत लिहिताना बरं वाटलं. पुढचं लिहू नये असं सरांच्या सत्कार समितीतल्या काहींचं मत आहे. माझ्या जिभेला हाड नाही हे त्यांनी मला लेख लिहायला सांगण्याआधी ध्यानात घ्यायला हवं होतं.

सर विसरायला लागले. आधी नावं विसरले, ते आम्ही हसण्यावारी नेलं. मग एका संध्याकाळी तालीम संपवून सगळ्यांना निरोप दिला, घरात गेले, पुन्हा बाहेर आले आणि म्हणाले, "चला, सुरू करू." खळ्यात मी एकटीच झाडत होते. मी म्हटलं, "हो सर," आणि उभी राहिले. दुसरं काय करणार होते?

मग ते झालं. काकू मासे साफ करत होत्या, सुरी ओट्यावर ठेवून नळाशी गेल्या. सर आत आले. त्यांनी ती उचलली आणि आयुष्यभर केलं तेच केलं. डाव्या तळहातावरून, जोर लावून. काकूंनी फोन केला तेव्हा मला आधी त्यांचा आवाजच ओळखू आला नाही. दवाखान्यात टाके घालताना सर ओरडले नाहीत. फक्त रागाने एकच विचारत राहिले, "खरी कोणी आणली तालमीत? कोणी आणली?"

त्या दिवसापासून त्यांच्या घरात सुरी नाही, विळी नाही, साधी कातर नाही. काकू भाजी शेजारणीच्या ओटीवर बसून चिरतात आणि मासे बाजारातूनच कापून आणतात. ओट्यावरचा सुऱ्यांचा स्टँड रिकामा दिसला की सर घरभर शोधत फिरायचे, म्हणून काकूंनी त्यात पिवळ्या मुठीच्या सुऱ्या लावून ठेवल्या. सर सकाळी उठतात, एकेक सुरी तळहातावरून ओढून बघतात, पुन्हा जागेवर ठेवतात आणि मग चहा घेतात. तो तळहात आता पुरता उघडत नाही.

तालीम मी काही दिवस चालवून पाहिली. गावात आता दुसरा एक क्लास निघाला आहे. तिथे चकचकीत पाती फिरवत रील काढतात. मुलं तिकडे गेली. जाऊदेत मेली. कोणाकोणाला कुठवर सांगायचं? सदऱ्यावरच्या लाल रेघा बघायला आता कोण येतं?

अशात सरांच्या वाढदिवसाला हा सत्कार ठरला, आणि सत्कारात काय द्यायचं तर तलवार! आमच्याकडे सत्कार म्हटला की शाल, श्रीफळ आणि तलवार. नेत्याला तलवार, कवीला तलवार, उद्या दातांच्या डॉक्टरलाही देतील. मी समितीच्या बैठकीत तडक विचारलं, "भाऊ, अक्कल गहाण टाकली का सगळ्यांनी?" अध्यक्ष नागवेकरभाऊ सरांचे माझ्याही आधीचे शिष्य, मनाने लोण्यासारखे. ते म्हणाले, "अगो, शोभेची असते ती. धार कुठे असते तिला?"

हेच बोलल्याबद्दल सरांनी एकाला घरी पाठवलं होतं, आणि भाऊ तेव्हा माझ्या शेजारीच उभे होते.

शेवटी भाऊ म्हणाले, सरांना दाखवूया, त्यांना काय वाटतं बघूया. मी नको नको म्हणत असतानाच आम्ही पोचलो. सर ओटीवर बसले होते. भाऊंनी पाया पडून म्यानासकट तलवार पुढे केली. सरांनी ती दोन्ही हातांत घेतली आणि त्यांचा चेहरा असा उजळला की क्षणभर मलाही वाटलं, सर परत आले. त्यांनी तलवार उपसली. मूठ उजव्या हातात. डावा तळहात समोर धरला, पुरता न उघडणारा, जेवढा उघडला तेवढाच.

भाऊ जागचे हलले नाहीत. मीही हलले नाही. इतकी वर्षं शिकलेले आम्ही दोघे, आमचे डोळे पात्यावर खिळलेले होते.

काकू स्वयंपाकघरातून कशा आल्या ते दिसलंच नाही. त्यांनी दोन्ही हातांनी सरांचं मनगट धरलं, अंगठ्याच्या बाजूने पिळलं आणि स्वतः बाजूला सरकल्या. तलवार खाली पडली, लादीचा टवका उडाला. आयुष्यभर जे खिडकीतून बघितलं होतं, ते त्यांनी एकदाच केलं.

सर त्यांच्याकडे बघत राहिले. मग अगदी खूश होऊन म्हणाले, "शाब्बास! डोळे हातावर होते तुझे. नाव काय गो तुझं?"

ज्या बाईने उभ्या संसारात नवऱ्याला 'अहो'शिवाय दुसरी हाक मारली नाही, त्या काकू धापा टाकत म्हणाल्या, "सुमन."

"नवीन आलीस? उद्यापासून वेळेवर ये हां."

"येईन, सर," काकू म्हणाल्या.

भाऊंनी तलवार उचलून गाडीच्या डिकीत टाकली आणि डिकीवर डोकं टेकून बराच वेळ उभे राहिले. समारंभात आता तलवार असणार नाही. केकही कापला जाणार नाही. आपण सर्वांनी हारासाठी सुरी, फितीसाठी कात्री, असलं काही व्यासपीठावर आणू नये, एवढी या लेखातून हात जोडून विनंती करते. सरांना भेटायला याल तर खिसे आणि पर्स गडग्यावर रिकाम्या करा. त्यांची रीत तीच होती.

आता लेख संपवताना शतायुषी व्हा म्हणायचं असतं. लेखणी तिथे अडली, खोटं कशाला बोलू? म्हणून काकूंकडे गेले आणि विचारलं, असं लिहू का? त्या दुसऱ्याच्या विळीवर भेंडी चिरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लिही गो. पण मला आधी नेऊ नको म्हणावं देवाला. ह्यांचा हात कोण धरणार?"

म्हणून लिहिते. सर, तुम्हाला उत्तम आरोग्य लाभो, जेवढं लाभायचं असेल तेवढं आयुष्य लाभो. आणि काकूंना तुमच्यापेक्षा एक दिवस तरी जास्त मिळो.