कॉटखालची जागा

अर्धापूरच्या केळीच्या बागेत पाय घसरून आई पडली आणि तिचा खुबा मोडला. ऑपरेशन झाल्यावर मी तिला लातूरला माझ्या घरी आणलं. शाळा, स्वयंपाक, आईचं सगळं, मग पेपर तपासणं. पंधरा दिवसांतच मी पार गळून गेले. तेवढ्यात धाकट्या भावाचा फोन आला.

"अक्का, आईचं कुत्रं चार दिवसांपासून काहीच खाऊन नाही राहिलं. तिकडं आणू का?"

मला नको म्हणायचं होतं. पण आई कॉटवरून माझ्याकडेच बघत होती. आण म्हणाले.

उभा जन्म शेतात गेलेलं ते तांबडं कुत्रं दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या घरात शिरलं आणि थेट ओट्याखाली, सिलिंडरच्या मागं जाऊन बसलं. आईने हाक मारली तरी आलं नाही. तिच्या अंगाला औषधांचा वास येत होता.

"मला वळखंना ते," एवढं म्हणून आईने भिंतीकडे तोंड केलं.

कुकरची शिट्टी झाली की ते जागीच मुतायचं. समोरचा क्लास सुटून पोरांच्या गाड्या एकदम सुरू झाल्या की मान वर करून रडायचं. मी शाळेत असताना तर थांबायचंच नाही, असं खालच्या काकू जिन्यात गाठून सांगायच्या. एकदा मी वैतागून त्याला पट्ट्याला धरून बाहेर ओढलं. ते चावलं नाही, नुसतं थरथरत फरशीला चिकटून राहिलं. मी तिथंच खाली बसले. फरशी पुसायचंही त्राण नव्हतं.

जनावरांच्या डॉक्टरांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "ओढू नका, लाडही करू नका. लपायला एक जागा द्या, जेवण-फिरणं ठरल्या वेळी करा. आणि रोज जवळ नुसतं बसा, त्याच्याकडे न बघता."

आईच्या कॉटखाली मी पोतं अंथरलं, कडेने जुनी चादर सोडली. कुकर बंद केला, डाळ पातेल्यात शिजवू लागले. तिला तासभर लागायचा. संध्याकाळी कॉटला पाठ टेकून मी जमिनीवर पेपर तपासत बसायची. वर आई त्याच्याशी बोलत राहायची, बागेतल्या पाण्याचं, घडांचं, शेजारच्या म्हशीचं. पहिले काही दिवस ते तिकडे फिरकलं नाही. मग एकदा मी शाळेतून आले तर चादरीखालून शेपूट दिसत होती.

"सकाळपासून हितंच हाय," आई हळू आवाजात म्हणाली. "तू काई बोलू नको."

पुढच्या आठवड्यात आईचा हात कॉटवरून खाली लोंबत होता, तो त्याने चाटला. आई कितीतरी वेळ तशीच अवघडून पडून राहिली. गाड्यांच्या आवाजाला ते शेवटपर्यंत दचकायचं, पण रडायचं थांबलं. मी मात्र तशीच थकलेली होते.

तीन महिन्यांनी आई काठी टेकत चालू लागली. भाऊ जीप घेऊन आला आणि दोघांना घेऊन गेला. निघताना कुत्रं माझ्या पायाशी येऊन क्षणभर उभं राहिलं, मग आईच्या मागून जिना उतरलं. मी दार लावलं आणि त्या रिकाम्या कॉटवर दिवस मावळेपर्यंत झोपले.