जिभाऊ आणि कामरेजचं नेटवर्क

जिभाऊ प्रत्येक पत्ता मोठ्याने वाचत. घराचा नव्हे, सॉफ्टवेअरमधला. माझं काम तपासायला ते टेबलाशी येऊन उभे राहत आणि अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल अशा आवाजात सुरू करत, "नेटवर्क्स, बिलिंग, कंटेनर्स. म्हणजे बिलिंगच्या नेटवर्कवरचे कंटेनर. कळलं. आणि हे काय? गेट नेटवर्क लिस्ट न्यू? सीमा, तू स्वतः म्हणून बघ बरं." मी अडखळत असे. "म्हणताना अडकलीस ना? मग वापरणाराही अडकणार," एवढं बोलून ते आपल्या जागेवर जात.

जिभाऊ हे त्यांचं नाव नव्हतं. खानदेशात मानाच्या माणसाला, मोठ्या भावाला जिभाऊ म्हणतात. आमच्या शहरातल्या लिंबायत भागातला, त्यांच्या गल्लीतलाच एक जण आमच्याकडे अकाउंट्सला होता, त्याने ते ऑफिसात आणलं. आमचे गुजराती मालक परेशभाई ते आडनावच समजले आणि वर आपला मान जोडून त्यांना 'जीभाऊभाई' म्हणू लागले. जिभाऊंनी कधी दुरुस्त केलं नाही.

आमची कंपनी लहान. कापड व्यापाऱ्यांचे ऑर्डर आणि बिलिंगचे प्रोग्राम आम्ही सर्व्हरवर चालवत असू. प्रत्येक प्रोग्राम आपापल्या बंद डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये. आणि कोणता डबा कोणाशी बोलू शकेल हे त्यांचं नेटवर्क ठरवी. ही नेटवर्क तोवर हाताने कमांड देऊन बनत. ती बनवायची, जोडायची, काढायची कामं इतर प्रोग्रामना करता यावीत म्हणून पायथॉनमध्ये एपीआय, म्हणजे ठरलेल्या पत्त्यावर मागणी घेऊन उत्तर देणारा दुवा, लिहायची जबाबदारी जिभाऊंवर आली आणि त्यांनी मला हाताशी घेतलं. मी रोज कोसाडहून ये-जा करणारी, मूळची अकोल्याकडची. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला एक ओळही लिहू दिली नाही. "आधी कोण काय मागणार ते ठरव. लिहिणं काय, होऊन जातं."

त्यांचा आवाज एवढा मोठा का, ते मला त्यांच्या घरी गेल्यावर समजलं. वडील आयुष्यभर लूमच्या खडखडाटात उभे राहिलेले, कान जवळजवळ गेलेले. जिभाऊ जवळ बसून मोठ्याने छोटं वाक्य बोलत. वडील "काय म्हनस?" म्हणत. जिभाऊ तेच वाक्य पुन्हा म्हणत, एक शब्दही न बदलता. मला म्हणाले, "शब्द बदलला की त्यांना वाटतं मी काहीतरी नवीन सांगतोय." आमच्या एपीआयलाही त्यांनी तोच नियम लावला होता. तीच मागणी पुन्हा आली तर तेच उत्तर गेलं पाहिजे.

नकाराबाबत ते फार हट्टी होते. नेटवर्कला कंटेनर जोडलेले असताना कोणी ते डिलीट करायला गेलं, तर एपीआयने 'नेटवर्क वापरात आहे' असं सांगून साफ नाही म्हणायचं, हे त्यांनी ठरवलं. आमचं मोठं गिऱ्हाईक शहराबाहेर कामरेजला होतं. तिथे सगळं सांभाळणाऱ्या हेतलबेननी एपीआय सुरू झाल्यावर महिनाभरातच फोन केला. "भाई, आ तो ना ज पाडे छे!" त्यांचं म्हणणं, हे सारखं नाहीच म्हणतंय. त्यांच्या शेठने काम दुसरीकडे देण्याची भाषा सुरू केली.

परेशभाईंनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. "जीभाऊभाई, ग्राहकने ना न पडाय. गिऱ्हाईकाला नाही म्हणायचं नसतं. ती अट काढून टाका."

"काढली तर कोणाचं तरी चालू बिलिंग बंद पडेल," जिभाऊ म्हणाले.

"आणि नाही काढली तर आपलं दुकान बंद पडेल."

जिभाऊ म्हणाले, "उद्या मी कामरेजला जाऊन येतो. सीमाला नेतो. आल्यावर तुम्ही सांगाल ते."

दुसऱ्या दिवशी हेतलबेनच्या शेजारी खुर्ची ओढून ते बसले आणि दिवसभर फक्त बघत राहिले. नवा व्यापारी आला की हेतलबेन त्याला चाचणीसाठी नेटवर्क बनवून देत. व्यापारी निघून गेला की कंटेनर बंद पडत, पण जोडलेलेच राहत, म्हणून ते नेटवर्क डिलीट होत नसे. त्यातले चालू कोणते, मेलेले कोणते, हे आमचं उत्तर सांगतच नव्हतं. हेतलबेन तीन-तीनदा बटण दाबत आणि शेवटी आमच्यातल्या कोणाला तरी फोन लावत. एकदा चिडून त्यांनी माऊस आपटला, तेव्हा जिभाऊंचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडे बघितलं.

परतीच्या बसमध्ये ते म्हणाले, "नाही म्हणणं बरोबरच होतं गं. पण नाही म्हणून आपण तोंड फिरवलं. पुढे काय करायचं ते त्या बाईंनी कोणाला विचारायचं?"

आम्ही दुसरी आवृत्ती काढली. नकार राहिला, पण त्यासोबत कोणते कंटेनर चालू, कोणते बंद, ही नावं जाऊ लागली. बंद पडलेले सोडवायला वेगळा पत्ता दिला. हेतलबेनचे फोन थांबले. परेशभाईंनी कामरेजचं काम टिकल्याचे पेढे वाटले.

पुण्याहून जिभाऊंना नोकरीची बोलावणी येतच असत. वडील लिंबायत सोडायला तयार नव्हते, म्हणून ते जात नसत. गेल्या थंडीत वडील वारले. पुढे काही महिने जिभाऊ ऑफिसला येत, काम करत, पण मधेच बोलता बोलता थांबत. मग एक दिवस त्यांनी राजीनामा दिला. जाताना मला म्हणाले, "जुनी आवृत्ती लगेच बंद करू नकोस. कामरेजच्या एका प्रोग्रामला अजून ती लागते. आणि फोनवर विचारू नकोस, जाऊन बघ."

मी मागच्या महिन्यात गेले. हेतलबेननी माझ्या मागे दारापर्यंत बघितलं. "जीभाऊभाई नथी आव्या?"

ते आता पुण्याला असतात, असं मी सांगितलं. त्या शेजारची खुर्ची पुढे सरकवून म्हणाल्या, "तो तमे बेसो."

मी बसले. दोघींनी मिळून तो प्रोग्राम नव्या आवृत्तीवर आणला, आणि मग जुनी बंद केली. कामरेजच्या स्टँडवरून मी जिभाऊंना फोन लावला.

"कोणाचं काही अडलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"किती वेळ बसलीस?"

"सकाळपासून."

"मग बरं," ते म्हणाले.