सरकारला फुकट द्यायला निघालेले खिल्लारे सर

शेजाऱ्यांचे किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. वाळवण घालायला गच्चीवर जावं अन् कान मोकळे ठेवावेत, चार वर्षांत पोतं भरतं. माझ्याकडं खिल्लारे सरांचं असंच एक पोतं आहे. मी सातवी पास. कॉम्प्युटरचं काही चुकीचं सांगितलं तर दोष माझा, सरांचा नाही.

सर सरकारी कचेरीत क्लार्क. कचेरीत कॉम्प्युटर आला तेव्हा तो चालू करता येणारे ते एकटेच, म्हणून मोठे साहेबसुद्धा त्यांना "सर" म्हणायचे! घर आमच्या भिंतीला लागून. त्यांच्याकडं फोन नव्हता, म्हणून जिकडं तिकडं आमचाच नंबर दिलेला. तेव्हा मी जे ऐकलं ते चोरून नव्हे, हक्कानं!

*

सरांना ध्यास एकच. सरकारी कॉम्प्युटरमध्ये कंपनीचं विकतचं सॉफ्टवेअर नको. लोकांनी मिळून केलेलं, उघडून बघता येणारं, मराठीत करून घेता येणारं पाहिजे. मला काही कळेना.

"काकू, सोयाबीनचं घरचं बी ठेवता अन् पुढच्या साली पेरता का न्हाई? शेजाऱ्यालाबी देता. अन् संकरित सरकी?"

"ती दरसाली दुकानातून."

"बस. हे सोयाबीन हाय."

"मग सरकार काहून दरसाली सरकी घेऊन राहिलं?"

सर म्हणाले, "हेच मी मुंबईला लिहून विचारलंय!"

*

वारंगा फाट्यावर एका पुढाऱ्याची सभा झाली. "परदेशी माल हाकलून द्या!" सर खूश. सभा संपली तशी त्या सॉफ्टवेअरची सीडी घेऊन स्टेजमागं गेले.

"आपल्या देशात बनलं का हे?" पुढाऱ्यानं विचारलं.

"साहेब, जगभरच्या लोकांनी बनवलं, आपलेबी हायेत त्यात. सुरुवात फिनलंडच्या एका पोरानं केली."

"मंजे हेबी परदेशीच की!"

मग सर लाल झेंड्यावाल्या कॉम्रेडकडं गेले. त्यांना बराबर पटलं. शंका एकच, "मालकच न्हाई म्हणता. मग बिघडलं तर मोर्चा कुणावर न्यायचा?"

मोठ्या साहेबांची अडचणही तीच निघाली. फक्त मोर्चाच्या जागी नोटीस!

*

मुंबईहून पहिला फोन आला तेव्हा सर गालाला दाढीचा साबण तसाच घेऊन धावत आले. तिकडचे साहेब म्हणाले, "अर्ज मिळाला, पण तुमची फाइल आमच्याकडं उघडत नाही."

उघडणार कशी? सरांनी तो अर्ज आपल्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्येच टाइप केलेला!

"विषय चांगला आहे," साहेब म्हणाले, "फक्त कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करून पाठवा."

सरांनी फोन ठेवला अन् आमच्याच टेबलावर बसून नऊ पानं हातानं लिहून काढली. म्हणाले, "हाताच्या अक्षराला लायसन लागत न्हाई, काकू."

*

शेवटी मोठ्या साहेबांनी एका कॉम्प्युटरवर करून बघायची परवानगी दिली. पण कचेरीत आलेल्या प्रत्येक वस्तूवर नंबर पडला पाहिजे, हा नियम. खुर्चीवर, कपाटावर, पाण्याच्या माठावरसुद्धा पांढऱ्या ऑइलपेंटनं नंबर! भांडार सांभाळणारे जोशीकाका नियमाचे पक्के. सीडीच्या एका बाजूला छापील मजकूर होता, म्हणून त्यांनी मागच्या कोऱ्या, चकचकीत बाजूवर ठसठशीत नंबर घातला. अन् वर म्हणतात कसे, "खिल्लारे, आता हे सरकारी झालं!"

कॉम्प्युटर वाचतो तीच बाजू रंगवलेली, ती सीडी कशाची चालते! सर घरी आले ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत. "दोन सालांत सरकारनं एवढंच मंजूर केलं, काकू."

सुनंदानं, सरांच्या बायकोनं, ती सीडी पेरूच्या झाडाला टांगली. पाखरं मात्र भ्यायची तिला.

*

सरांची आई हट्टा गावाला राहायची. साठीत साक्षरता वर्गात अक्षरं शिकलेली. सरांनी दुसरी सीडी आणून कॉम्प्युटरवर चढवली होती. एका रविवारी साहेबांना विचारून आईला कचेरीत नेलं. मीही गेले, मला कोण मागं ठेवणार!

पडद्यावर बोट ठेवून म्हातारीनं वाचलं, "उ-घ-डा. जतन क-रा. आगं बाई, हे तर आपलंच हाय! सरकारचं का रे हे, का तुझं?"

"सध्या माझं, माय. सरकारचं व्हायचं हाय."

"मग घाई कर. मला माझा सातबारा माझ्या डोळ्यानं वाचायचाय. दुसऱ्याच्या तोंडून लई ऐकला."

त्यानंतर सर रोज संध्याकाळी आमच्याकडं चहाला यायला लागले. कप तोंडाला अन् नजर फोनवर. मी चहा मुद्दाम सावकाश करायची.

चैत्रात म्हातारी गेली. सरांचं येणं थांबलं.

तिकडं केरळात सरकारनं शाळांसाठी असलंच सॉफ्टवेअर घेतलं. सरांनी राजीनामा दिला अन् सुनंदाला घेऊन तिकडं नोकरीला गेले. जाताना किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाले, "काकू, चांगला भाडेकरू बघा." तीन जण येऊन गेले. खरं सांगते, तिघांनाही मीच परतवून लावलं. एकाला तर म्हटलं, छत गळतं!

*

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी फोन वाजला.

"मुंबईहून बोलतोय. खिल्लारे आहेत का? त्यांच्या अर्जाला मंजुरी मिळालीय. सुरुवात त्यांच्याच कचेरीपासून करायची आहे."

मी म्हटलं, "थांबा, बोलावते."

रिसीव्हर टेबलावर ठेवला. नेहमीसारखी अंगणातल्या भिंतीशी गेले अन् हाक मारली, "सर! मुंबई!" मग आणखी एकदा मारली, जरा मोठ्यानं.

आत आले तर मुंबई अजून थांबूनच होती.