काकूंना सांगितलं होतं

टिटवाळ्याच्या नव्या घरात आम्हाला दुसरं वर्ष लागलं होतं. होळीच्या आसपास एके दुपारी बेडरूमच्या खिडकीबाहेर, छज्ज्याच्या खालच्या बाजूला, काळसर काहीतरी लटकलेलं दिसलं. वाटलं, वरच्या मजल्यावरून कुणाचा तरी टी-शर्ट पडून अडकला असेल. मग तो टी-शर्ट हलला. वरपासून खालपर्यंत त्याच्यावरून एक लाट सरकत गेली आणि पुन्हा सगळं स्थिर झालं.

मी खिडकी लावली, पडदा ओढला आणि स्वयंपाकघरात जाऊन ओटा धरून उभी राहिले.

आग्या मोहोळ होतं. मला ओळखायला वेळ लागायचं काही कारण नव्हतं.

संध्याकाळी नवरा घरी आला. पडद्याच्या फटीतून त्याने बघितलं आणि म्हणाला, "अगं, बोलाव ना कुणाला तरी. डोंबिवलीला आपण जाळून घेतलेलं तसं."

"जाळायचं नाही," मी म्हटलं. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा फार मोठा आला.

तो माझ्याकडे बघत राहिला. "बरं. मग एखादं मशीन घेऊन ये. हल्ली मिळतात. कसला तरी आवाज करतात म्हणे, त्यांना सहन होत नाही."

दुसऱ्या दिवशी मी कल्याणला गेले. स्टेशनजवळच्या गल्लीत इलेक्ट्रिकच्या सामानाची दुकानं आहेत, त्यातल्या एकात शिरले. मधमाशा म्हटल्यावर दुकानदाराने काउंटरवर तीन वस्तू मांडल्या.

"हे निळ्या लाइटवालं. जवळ आलं की चट्. विषय संपला." त्याने बटण दाबलं. एक माशी भिरभिरत आली आणि खरंच चट् आवाज झाला. जळका वास आला, अगदी थोडासा. मी दोन पावलं मागे सरले.

"हे नको."

"मग हे धुराचं घ्या. बाल्कनीत ठेवायचं, धूर सोडायचा, पंधरा मिनिटांत मोकळं. फक्त आजूबाजूला आधी सांगून ठेवा हां, मॅडम. मधमाशी बिथरली की कुणाच्याही अंगावर जाते. सगळ्यांना सांगितलं की मगच चालू करायचं."

मी ते मशीन परत त्याच्याकडे सरकवलं. तो तिसऱ्या वस्तूकडे वळला. पांढरी, साबणाच्या वडीएवढी, मागे प्लग असलेली. "हे मारत नाही, नुसतं हाकलतं. उंदीर, पाली, मधमाशी, सगळं जातं. आवाज करतं, पण आपल्याला ऐकू येत नाही."

"आणि जातात कुठे?"

"कुठेतरी जातात की. तुमच्या घरातून गेल्याशी मतलब."

मी ते पांढरं मशीन घेतलं. काही मरणार नव्हतं आणि कुणाला काही सांगायला लागणार नव्हतं, म्हणून घेतलं.

डोंबिवलीला आमची बिल्डिंग तीन मजल्यांची होती. बारा घरं, वर गच्ची. आम्ही पहिल्या मजल्यावर. तिसऱ्यावर एक काका-काकू राहायचे. त्यांचा मुलगा परदेशात. काकू शिकवण्या घ्यायच्या, आमच्या लेकीचं गणित त्यांनीच सुधारलं. उन्हाळा आला की गच्चीवर जुन्या साड्या पसरून कुरडया घालायच्या आणि प्रत्येक घरात डबा पाठवायच्या. जिन्यात भेटल्या तरी दोन मिनिटं थांबल्याशिवाय पुढे जायच्या नाहीत.

लेक दहावीला होती त्या वर्षी बिल्डिंगच्या मागच्या बाजूला, गच्चीच्या कठड्याखाली, मोहोळ लागलं. परीक्षा तोंडावर आलेली. दोन माशा घरात शिरल्या आणि एक लेकीच्या हाताला चावली. हात कोपरापर्यंत सुजला, उजवा. मी नवऱ्याच्या मागे लागले. तो तेव्हा सोसायटीचा सेक्रेटरी होता. त्याने वॉचमनच्या ओळखीची दोन माणसं ठरवली. ती अंधार पडल्यावर, आठ वाजता येणार होती. तोवर सगळे घरी असतात, माशाही शांत असतात.

ती साडेसहालाच आली. पुढे दुसरीकडे काम होतं म्हणाली. नवरा ऑफिसमधून निघालाही नव्हता. फोनवर म्हणाला, "आता आलेत तर घे करून. तू फक्त सगळ्या घरी जाऊन सांग, दारं-खिडक्या लावा, गच्चीवर जाऊ नका."

मी तळमजल्यापासून सुरुवात केली. प्रत्येक बेल वाजवली, प्रत्येकाला सांगितलं. कुकर गॅसवर ठेवून आले होते. खालून ती माणसं हाका मारत होती, "वहिनी, झालं का?" तिसऱ्या मजल्यावर काकूंची बेल वाजवली. कुणी आलं नाही. पुन्हा वाजवली, थांबले. वर माझ्या डोक्यावर एक जिना चढला की गच्ची होती. मी चढले नाही. बाहेर गेल्या असतील, असं मनाशी म्हटलं. आणि खाली येऊन म्हणाले, "झालं. सगळ्यांना सांगितलं."

त्यांनी मागच्या बाजूला शिडी लावली आणि लांब काठीला चिंध्या बांधून पेटवल्या. मोहोळ पेटलं तेव्हा मेण तडतडलं. जळत्या माशा ठिणग्यांसारख्या खाली पडत होत्या, आणि ज्यांना आग लागली नव्हती त्या सगळ्या वर गेल्या.

काकू गच्चीवर कुरडया गोळा करत होत्या.

वॉचमन गोणपाट पांघरून वर गेला, त्याने त्यांना खाली आणलं. मला फक्त त्यांची पावलं आठवतात, कारण चेहऱ्याकडे मी बघितलंच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटलमध्ये त्या गेल्या.

त्याच दिवशी दुपारी नवऱ्याने विचारलं, "काकूंना सांगितलं होतंस ना?"

"हो," मी म्हटलं. "काकूंना सांगितलं होतं."

एवढंच वाक्य. पण ते घराबाहेर पडलं. आठवड्याभरात सगळी बिल्डिंग बोलायला लागली: सांगूनसुद्धा गेल्या वर. कुरडयांच्या पायी जीव गमावला. हट्टीच होत्या तशा. मी मान हलवत राहिले. ज्या बाईने आयुष्यात कुणाचं न ऐकल्याचं मला आठवत नाही, ती माझ्यामुळे हट्टी ठरली.

मशीन बेडरूमच्या प्लगमध्ये लावलं. त्यावर एक हिरवा ठिपका लागला. नवरा कान लावून म्हणाला, "खरंच, काही ऐकू येत नाही."

मला येत होतं.

पहिल्या दिवशी वाटलं, फ्रिज असेल. फ्रिज बंद केला. मग वाटलं बाहेरच्या माशाच असतील, म्हणून हॉलमध्ये जाऊन बसले. तिथेही तो बारीक, एकसुरी गुणगुणाट होता. दुपारी घरात मी एकटीच असायची. भांडी घासताना, डाळ निवडताना, आंघोळीला गेले की पाण्याच्या आवाजाखालून तो यायचा. मशीन काढून कपाटात ठेवलं तरी यायचा. एकदा मी शेजारणीला घरात बोलावलं आणि विचारलं, "तुम्हाला काही ऐकू येतंय का हो?" ती म्हणाली, "नाही बाई. काय?" मी विषय बदलला.

मोहोळ मात्र वाढत होतं. पडद्यावर त्याची सावली पडायची, आणि संध्याकाळी ऊन कलल्यावर ती सावली मला पदर डोक्यावरून घेऊन बसलेल्या बाईसारखी दिसायला लागली. मी त्या खोलीत जाणं सोडलं. कपाटातून कपडे आणायचे असले तरी नवऱ्याला सांगायची.

पंधरा दिवस असे काढले. मग एका सकाळी डबा भरून नवऱ्याला दिला, घराला कुलूप लावलं आणि डोंबिवलीला गेले.

बिल्डिंगला नवा रंग दिलेला. काका त्याच घरात होते, एकटे. ऐंशीच्या पुढे गेलेले. दार उघडून त्यांनी मला ओळखायला एक क्षण घेतला आणि मग म्हणाले, "अगं, तू? ये, ये. लेक काय म्हणते?"

"बंगलोरला आहे, काका. नोकरी करते."

"हुशारच होती. हिची विद्यार्थिनी." त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं. मी नाही बघितलं.

त्यांनी पाणी आणून दिलं. ते मी हातात धरून ठेवलं. रस्ताभर पाठ केलेलं सगळं विसरले होते, म्हणून सरळ बोलले. "काका, त्या दिवशी मी काकूंना सांगितलं नव्हतं. बेल वाजवली, पण दार कुणी उघडलं नाही. वर बघायला पाहिजे होतं, ते मी नाही बघितलं. खाली जाऊन खोटं बोलले, आणि नंतरही सगळ्यांना खोटंच सांगितलं."

खालून भंगारवाल्याची हाक ऐकू आली. ती लांब गेल्यावर ते म्हणाले, "दोनदा वाजवलीस."

मला कळेना.

"बेल. दोनदा वाजवलीस. मी आतच होतो, या खुर्चीत. टीव्हीवर बातम्या लागल्या होत्या. वाटलं, ती उघडेल. ती वर गेलीय हे सांगून गेली होती मला, पण डोक्यातून गेलं. दुसऱ्यांदा वाजली तेव्हा उठायला हवं होतं. गुडघे दुखत होते, म्हटलं, येईल परत ज्याला काम असेल तो."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं? मी खोटं बोलतेय हे?"

"पहिल्या दिवसापासून." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "तू म्हणालीस सांगितलं होतं, आणि मला हायसं वाटलं. तू खरं बोलली असतीस तर सगळ्यांनी मला विचारलं असतं, तुम्ही कुठे होतात? लोक तिला हट्टी म्हणाले. मी बसून ऐकलं. मुलगा आला, तो रडत म्हणाला, बाबा, आई कधी ऐकायचीच नाही का कुणाचं? मी म्हटलं, नाही ऐकायची."

आम्ही दोघं रडलो नाही. त्यांच्यावर रागावायचा मला हक्क नव्हता आणि त्यांना माझ्यावर. पण मला राग आला होता, हे खरं. इतकी वर्षं जिन्यात भेटल्यावर हा माणूस माझ्याशी हसून बोलत होता, आणि मला वाटायचं, याला काही माहीत नाही म्हणून हसतोय.

निघताना ते म्हणाले, "मुलाला मी सांगतो. माझं आणि तुझं, दोन्ही. चालेल?"

"चालेल," मी म्हटलं.

घरी येऊन त्याच संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो सेक्रेटरी होता, माणसं त्याने ठरवली होती, तेव्हा त्याच्याही वाट्याला काही येणारच होतं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मी तुला फोनवर सांगायला नको होतं. आल्यावर बघू म्हणायला पाहिजे होतं." दोन दिवस तो जेवणापुरतं बोलला. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतः कुठून तरी मधमाशा पाळणाऱ्या एका माणसाचा पत्ता काढला. मुरबाडकडचा होता. त्याने न जाळता, हलका धूर देऊन माशा हटवल्या आणि मोहोळ कापून नेलं. त्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं मिळून विंगमधल्या प्रत्येक घरी गेलो होतो. काही घरी तीनदा जायला लागलं. खिडक्यांना आता बारीक जाळी बसवली आहे. कारागीर म्हणाला, ही सगळ्यात साधी गोष्ट, लोक उगाच मशिनी घेतात. गुणगुणाट कमी झालाय. गेला म्हणणार नाही.

काकूंच्या मुलाचा फोन तीन आठवड्यांनी आला. मी वाट बघत होते आणि येऊ नये असंही वाटत होतं. त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. तो एवढंच म्हणाला, "बाबांनी सांगितलं सगळं. मला एक विचारायचंय. वॉचमन म्हणाला होता, तेव्हा तुम्ही जिन्यात होतात ना? आई काही बोलली का?"

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, काकांनाही नाही. ओरडणं ऐकून मी धावत वर गेले होते. गच्चीचं लोखंडी दार अर्धवट उघडं होतं. माझ्यामागे दुसऱ्या मजल्यावरची दोन मुलंही चढून आली होती. काकूंना आमची चाहूल लागली असावी. दारापलीकडून त्या ओरडल्या, "वर येऊ नका! दार लावा आधी, मुलं आहेत!" आणि मी दार लावलं. वॉचमन गोणपाट घेऊन येईपर्यंत मी ते दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं.

मी त्याला जसंच्या तसं सांगितलं. दार मीच धरलं होतं, हेही.

तो हळूच म्हणाला, "हो. हे आईच म्हणणार." आणि त्याने फोन ठेवला.