दुसऱ्याचा आवाज

नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असताना मला पहिलं काम मिळालं. एक ज्येष्ठ नट चित्रीकरण संपवून डबिंगआधीच वारले होते. त्यांचे संवाद मला हुबेहूब त्यांच्या आवाजात म्हणायचे होते. काचेपलीकडे त्यांच्या पत्नी डोळे मिटून ऐकत बसल्या होत्या.

काम संपल्यावर त्या आत आल्या. "एकदा 'जेवलीस का?' असं विचारशील?"

मी त्याच आवाजात विचारलं.

"हो, आत्ताच," त्या पुन्हा डोळे मिटून म्हणाल्या. रोजच्यासारखं, सहज. मग हलकेच पुढे म्हणाल्या, "तुम्ही बसा ना, वाढते."

नटाला दुसरं कुणी होता यावं लागतं, हे वर्गात कितीदा ऐकलं होतं. त्या खोलीत क्षणभर मी नव्हतोच, आणि भीती वाटली ती याची, की ते नसणं मला फार आवडलं.

बाहेर येऊन आईला फोन लावला. "आई, काम छान झालं," मी म्हणालो.

परक्या माणसाशी बोलावं तशा अदबीनं तिनं विचारलं, "आपण कोण बोलताय?"