डेकखालचे मासे

आमच्या तलावाच्या एका टोकाला रिसॉर्ट आहे. तिथे पाण्यावर खांब रोवून लाकडी फळ्यांची मोठी ओसरी केली आहे. तिला डेक म्हणतात. पाहुणे तिथे खुर्च्या टाकून चहा पितात आणि सूर्य मावळताना पाहतात. या डेकचं जुनं वार्निश खरवडून, लाकूड साफ करून त्यावर पाणी मुरू न देणारा नवा सीलर मारायचं काम बाबांना मिळालं, आणि दिवाळीच्या सुट्टीत मीही त्यांच्यासोबत गेले. तेव्हा जे झालं ते आठवलं की अजून माझा राग शांत होत नाही. मला ते नीट मांडता येईल की नाही, माहीत नाही.

आमचं घर जाळ्यावर जगणारं. आजोबा तलावात मासे धरत. बाबांनी तरुणपणी जवाहरनगरच्या कारखान्याच्या क्वार्टरांत दारं-कपाटांना पॉलिश करायचं काम शिकून घेतलं आणि पुढे स्वतःच लहान ठेके घेऊ लागले. तरी मोठं जाळं ओढायच्या दिवशी दोरीला हात लावायला ते जातातच. घरात कॉलेजचं तोंड पाहणारी मी पहिली. रोज एसटीने भंडाऱ्याला जाते.

डेकचं काम चिकाटीचं असतं. आधी ब्रशने रिमूव्हर लावायचा. थोड्या वेळाने वार्निश दुधावरच्या सायीसारखं सुरकुततं, मग ते पत्र्याने खरवडायचं. हा निघालेला चिखल वाईट, हाताला लागला तर आग होते. फळ्यांमध्ये फटी होत्या आणि खाली सरळ तलाव. म्हणून बाबांनी शेजाऱ्यांचा डोंगा आणून डेकच्या खालून ताडपत्री ताणून बांधली, आणि वर फळ्यांवर राइस मिलमधून आणलेला धानाचा भुसा पसरला. आमच्या जिल्ह्यात भुशाला काय तोटा. भुसा तो चिखल पिऊन घेतो, मग झाडून पोत्यांत भरायचा. काम हळू होतं, पण पाण्यात थेंब पडत नाही.

मॅनेजरला हे आवडलं नाही. तो नागपूरचा, बोलायला गोड. बाबांना काका म्हणायचा आणि मला बेटा.

"काका, हे काय कोंबड्यांचं खुराडं करून ठेवलंय? पाइप लावा, तासाभरात चकाचक."

"साहेब, खाली पाणी आहे," बाबा म्हणाले.

"मग पाण्यात पाणीच जाईल ना!"

बाबा हसले आणि पुन्हा खरवडायला बसले. मला वाटलं, विषय संपला.

दुपारी आम्ही गेटजवळच्या झाडाखाली डबा खाऊन परतलो, तेव्हा डेक ओला होता. रिसॉर्टचा एक नोकर पाइप धरून उभा होता आणि आमचा भुसा तलावावर तरंगत होता. ताडपत्रीची एक दोरी सुटून ती एका बाजूने लोंबत होती. नोकर म्हणाला, साहेबांनी सांगितलं. बाबांनी धावत जाऊन नळ बंद केला. मॅनेजर त्या वेळी ऑफिसात कोणाशी तरी फोनवर बोलत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेकजवळच्या कमळांत मासे पोट वर करून दिसले. पावसाळ्यात आमच्या मच्छीमार सोसायटीने सोडलेलं माशांचं बीज बोटाएवढं झालं होतं. त्यातलेच बरेच होते. तिथे झिंगे धरायला जाणाऱ्या बायांनी ते आधी पाहिले आणि गावभर बातमी गेली.

संध्याकाळी सोसायटीची म्हातारी मंडळी घरी आली. बाबांनी काही नाकारलं नाही, की पाइपचं नावही घेतलं नाही. एवढंच म्हणाले, "काम माहं होतं."

"मंग या खेपेले तुह्या घरचा वाटा नाही घालनार," त्यांच्यातला सगळ्यांत वयस्क म्हातारा म्हणाला.

बाहेरच्या माणसाला ही शिक्षा किरकोळ वाटेल. मासे तर भंडाऱ्याच्या बाजारातही मिळतात. पण आमच्याकडे मोठं जाळं ओढलं की पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, घरटी एक असे माशांचे ढीग घालतात. त्यालाच वाटा म्हणतात. वाटा नाही म्हणजे ते घर गावात धरलेलं नाही. याआधी ही शिक्षा ज्याला झाली, त्याने तलावात विष टाकून मासे मारले होते. आता आम्ही त्याच्या पंगतीला बसलो. आई त्या रात्री जेवली नाही.

मी रिसॉर्टवर गेले. मॅनेजरने पाळीवर येऊन खरं काय ते एकदा सांगावं, इतकंच मला हवं होतं. वाटेत वाक्यं जुळवली होती. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला.

"बेटा, तू शिकलेली आहेस, समजून घे. आम्ही पडलो बाहेरचे. आम्ही बोललो तर विषय वाढेल. तुम्ही तर गावचेच. चार दिवसांत मिटेल."

माझी वाक्यं सगळी गळून गेली. "पण पाइप तुम्ही लावायला सांगितला," एवढंच तोंडून निघालं.

"मी कुठं पाइपला हात लावला?" तो म्हणाला, आणि खरंच त्याने हात लावलेला नव्हता.

चहा न पिता मी उठले.

जाळ्याच्या दिवशी बाबा नेहमीसारखे दोरी ओढायला गेले. त्यांना कोणी अडवलं नाही, पण शेजारी उभं राहायलाही कोणी आलं नाही. मासे निघाले आणि पाळीवर ढीग लागले, एका घराचा कमी. वाटणी सुरू व्हायच्या आधी मी पुढे गेले आणि पाइप कोणी लावायला सांगितला ते सांगितलं.

"कालेजची पोट्टी भाषण देऊन राहिली," मागून कोणीतरी म्हणालं. हशा पिकला.

"पाइप त्यायचा होता तं तुह्या बापानं काहून नाही सांगतलं?" सोसायटीच्या त्या वयस्क म्हाताऱ्याने विचारलं.

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी हातातली दोरी गुंडाळत म्हटलं, "तसंच सोडून जेवाले गेलो ना मी."

मला त्यांचाही राग आला. ज्याची चूक तो चहा पाजतो, आणि ज्याची नाही तो जेवायला गेल्याबद्दल मान खाली घालतो.

आमच्याकडे वाटणी पाठ फिरवून होते. गावातली एक म्हातारी आजी ढिगांकडे पाठ करून बसते. एक जण काठी एका ढिगावर ठेवून विचारतो, हा कोणाचा? ती मनात येईल त्या घराचं नाव घेते. कोणाला मोठा ढीग मिळाला, कोणाला लहान, यावर मग भांडण नाही. पाठमोरीने घेतलेलं नाव फिरवता येत नाही.

दोन-चार घरं झाली. काठी पुढच्या ढिगावर आली.

"हा कोनाचा?"

"पालिशवाल्याचा," आजी म्हणाली. म्हणजे आमचा.

काठीवाला थांबला. "माय, त्यायचा वाटा नाही घातला."

"नाही घातला तं हा कोनाचा पडला आहे?" तिने मान वळवली नाही. "मी म्हनली ना. फिरवतो का आता?"

त्या वयस्क म्हाताऱ्याने तलावाकडे तोंड केलं. काठी पुढे सरकली आणि एकेक करत सगळे ढीग संपले. एक घर राहिलं. ते आजीचं होतं. लुगडं झटकत ती उठली आणि रिकामी टोपली घेऊन घरी गेली.

आईने आमच्या वाट्यातले अर्धे मासे तिला नेऊन दिले. मी सोबत होते. मी विचारलं, आजी, ढीग एक कमी आहे हे तुला माहीत होतं ना?

"मले का दिसते वं? पाठ होती माही," ती म्हणाली आणि मासे निवडायला बसली.

गावात आता ही गोष्ट कौतुकाने सांगतात. मला त्यात कौतुक वाटत नाही. त्या दिवशी कोणाची टोपली रिकामी राहायला हवी होती, आणि राहिली कोणाची? सगळी वाटणी आम्ही आपसातच केली. ज्याने पाइप लावायला सांगितला, त्याच्यावर काठी कधी आलीच नाही.

लाकूड वाळल्यावर सीलर मारायला बाबा पुन्हा रिसॉर्टवर निघाले. घेतलेलं काम अर्धवट सोडायचं नाही म्हणाले. मला जायचं नव्हतं, तरी गेले. डेकवर पाय ठेवायच्या आधी बाबांनी पान्याने तिथल्या नळाची चावी काढली आणि खिशात घातली. दुपारी मॅनेजर आला. पाहुण्यांना हात धुवायचे आहेत, नळाचं काय झालं, असं त्याने विचारलं.

"सीलर वाळू द्या साहेब," बाबा म्हणाले आणि ब्रश डब्यात बुडवला.

तो माझ्याकडे पाहत उभा राहिला. मी खाली बसून ताडपत्रीच्या गाठी तपासत होते.