शेंदराखालचा नंबर

खंडेनवमी जवळ आली की ती शेंदरी बंदूक अजूनही माझ्या डोळ्यांपुढे उभी राहते. मुळशीतल्या एका ठाण्यावर मी तेव्हा फौजदार होतो. अंगात रग होती, आणि आपल्याला सगळं कळतं असा समजही होता.

एका सकाळी माले गावाच्या वरच्या वाडीतला एक जण ठाण्यात आला. चुलत्याच्या घरात लष्कराची बंदूक आहे, म्हणाला. बातमी घरच्याच माणसाने आणली तर त्याचं पोट कशाने दुखतंय ते आधी बघावं, हे मी पुढे शिकलो. चुलता फार्महाऊसवाल्यांना जमीन देत नव्हता, म्हणून याला तो आत हवा होता.

पंच घेऊन वाडीवर गेलो. म्हातारा सत्तरीचा, ताठ. बंदूक देव्हाऱ्याशेजारी भिंतीला टेकवलेली. दर खंडेनवमीला शेंदूर-तेल चढवून चढवून तिच्यावर बोटभर थर बसला होता. खटकासुद्धा त्यात थिजला होता, आणि मुळशीची ओल आत जाऊ नये म्हणून नळीचं तोंड मेणाने बुजवलेलं. पण घडण लष्करी होती. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी माझी गत. पंचनाम्यात मी स्वतःच्या हाताने लिहिलं, 'थ्री नॉट थ्री रायफल'.

या एका शब्दाने म्हातारा मोठ्या गुन्ह्यात अडकला. थ्री नॉट थ्री सामान्य माणसाला बाळगताच येत नाही. त्या वयात तो कोठडीत गेला असता तर परत बाहेर आलाच असता असं नाही.

चौकशीत त्याने सांगितलं, की तरुणपणी तो शहरातल्या एका नेमबाजी क्लबात निशाणं लावायचं काम करायचा. क्लब बंद झाला तेव्हा ही बंदूक त्याला परवान्यासह मिळाली. घर गळून कागद गेले आणि परवान्याची मुदत टळली. मी ठाण्याचं जुनं रजिस्टर काढलं. त्याच्या नावावर नोंद होती, पण 'पॉइंट टू टू रायफल' अशी, म्हणजे नेमबाजीची लहान मापाची, पुढे नंबर. मी म्हणालो, ती विकली असणार, ही दुसरीच आहे.

मुख्यालयातून बोलावलेला शस्त्रागारातला हवालदार बंदूक उलटसुलट बघून म्हणाला, सरावासाठी लष्करी बंदुकीची नळी बदलून पॉइंट टू टू करायचे, ही तसलीही असेल. शिक्के बघायला हवेत. त्याने शेंदूर खरवडायला पातं काढलं, तसा म्हातारा उठून उभा राहिला.

"साहेब, द्येवाला कोन खरवडतं व्हय? मला आत टाका, पर तिला सुरी लावू नका."

माझा पारा चढला. अरे, तुझ्याच सुटकेसाठी चाललंय हे! पण हवालदार मुरलेला माणूस. त्याने मला बाजूला घेतलं. देवाच्या अंगावरचं शेंदराचं कवच आपसूक सुटतं, तेव्हा लोक ते नदीत सोडतात, म्हणाला. ते याच्याच हातून सुटू द्या.

मग पंचांसमोर, ठाण्याच्या व्हरांड्यात, म्हाताऱ्याने कोमट तिळाच्या तेलात कापूस भिजवून ती बंदूक चोळायला घेतली. दुपार सरली. सुटलेला शेंदूर तो पळसाच्या पानावर जपून ठेवत होता. आधी बाणाचा सरकारी शिक्का दिसला आणि माझ्या मनात आलं, बघा, लष्कराचीच. मग नळीवर बदललेल्या मापाचा ठसा आला, पॉइंट टू टू. त्याच्याखाली नंबर. हवालदार एकेक आकडा वाचत गेला, मी रजिस्टरात बोट फिरवत गेलो. शेवटचा आकडा जुळला तेव्हा मला म्हाताऱ्याकडे बघवेना.

मी दुसरा पंचनामा केला आणि वरिष्ठांकडे माझी चूक लेखी कळवली. मुदत टळल्याबद्दल म्हाताऱ्याला दंड झाला. पुढे रीतसर परवानाही मिळाला आणि बंदूक त्याच्या घरी परत गेली.

आता मी महाळुंग्याला नवव्या मजल्यावर राहतो. तिथून लांबवर मुळशीचे डोंगर दिसतात, आणि जीव तिकडे ओढतो. पंचनाम्यात दिसलं ते लिहावं, वाटलं ते नाही, हे मी पुढे प्रत्येक नव्या पोराला सांगितलं. मला ते त्या व्हरांड्यात कळलं.

बंदूक परत गेल्यावरच्या पहिल्याच खंडेनवमीला म्हाताऱ्याने मला वाडीवर बोलावलं होतं आणि शेंदराची वाटी माझ्याच हातात दिली. मी बोट नळीकडे नेलं, तसा त्याने मनगट धरून ते लाकडी दस्त्यावर टेकवलं.

"हितं लावा, साहेब. नंबर उगडा ऱ्हाऊ द्या. पुन्ना तुमच्यावानी कुनी आलं तर?"